कांडल्याला पोचवायचे दहा हजार टन मिथेनॉल: बडोद्यातील एका कोटेशनचा प्रकरण अभ्यास

(कंपनी, माणसे आणि खरेदीदार ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. रुपयांतले दर म्हणजे त्या वेळी वर्कशीटमध्ये धरलेली गृहीतके आहेत. ते बाजारभाव समजू नयेत.)

पार्श्वभूमी

बडोद्यातील एका मराठी कुटुंबाच्या कंपनीकडे मे २०२५ मध्ये एका इंधन-व्यापाऱ्याची चौकशी आली. ग्रीन मिथेनॉल, म्हणजे जैविक स्रोतापासून किंवा नवीकरणीय विजेपासून बनवलेले, वर्षाला १०,००० टन, कांडला बंदरात जहाजाच्या टाकीत पोचते करून, तीन वर्षांसाठी. भाव कळवा.

कंपनीचे दोन धंदे. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत प्रेशर व्हेसल आणि ऊर्ध्वपातनाचे कॉलम बनवण्याचे वर्कशॉप, आणि पादऱ्याच्या बाजूला औषध कंपन्यांचे वापरलेले सॉल्व्हंट शुद्ध करून परत देणारे छोटे युनिट. मालक अण्णा कलाभवन या बडोद्यातल्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेतून शिकलेले, आता सत्तरीत. रोजचे काम पुतण्या बघतो. हिशेब एक जुने गुजराती महेताजी बघतात आणि त्यांच्या सहीशिवाय कोटेशन बाहेर जात नाही. माझे काम खर्चाची वर्कशीट तयार करून देण्याचे होते.

व्यापारी नेमका यांच्याकडे का आला? कारण त्यांच्याकडे मिथेनॉल बाळगण्याचा आणि वाहून नेण्याचा परवाना होता. गुजरातेत ही लहान गोष्ट नाही. जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन चाळीसहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून या रसायनाच्या प्रत्येक लिटरचा हिशेब द्यावा लागतो आणि नवा परवाना मागणाऱ्याकडे संशयानेच पाहिले जाते.

जहाजांना मिथेनॉल का हवे, हेही थोडक्यात सांगायला हवे. ते साध्या तापमानाला द्रव असते, ६४.७ अंशांना उकळते. एलएनजीसारखी (द्रवरूप नैसर्गिक वायूसारखी) अतिथंड टाकी लागत नाही, अमोनियाइतकी विषारी वाफही नाही. २०१५ मध्ये ‘स्टेना जर्मेनिका’ ही फेरी मिथेनॉलवर चालवण्यासाठी बदलून घेतली गेली. २०२३ मध्ये ‘लॉरा मेर्स्क’ हे मिथेनॉलवर चालणारे पहिले कंटेनर जहाज आले आणि २०२४ पासून सोळा हजार कंटेनरांची मोठी जहाजेही आली. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट मान्य केले. युरोपने २०२४ पासून जहाजांना कार्बन बाजारात ओढले आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘फ्युएल-ईयू मेरिटाइम’ हा जहाजांच्या इंधनाच्या उत्सर्जनाला मर्यादा घालणारा नियम लागू केला. एप्रिल २०२५ मध्ये सागरी संघटनेच्या पर्यावरण समितीने जागतिक कार्बन-आकारणीच्या आराखड्याला मंजुरी दिली. चौकशीचे पत्र त्यानंतर महिन्याभरात आले, यात योगायोग काही नव्हता.

अडचण

नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनवलेले मिथेनॉल जहाजात जाळून हवामानाला काही फायदा होत नाही. विहिरीपासून धुराड्यापर्यंत मोजले तर ते फर्नेस ऑइलपेक्षाही वाईट ठरते. त्यामुळे माल हिरवाच हवा, आणि तसा कागदही हवा. व्यापाऱ्याने तोंडी सांगितलेला ‘बसणारा’ भाव होता टनाला ६०० डॉलर, म्हणजे वर्कशीटमध्ये धरलेल्या ८८ रुपयांच्या दराने ५२,८०० रुपये.

अण्णांच्या डोक्यात आयात मिथेनॉलचा भाव होता, तीस हजारांच्या आसपास. त्यांना वाटले, जवळजवळ दुप्पट मिळतोय, मग अडचण कुठे आहे? महेताजींनी लगेच विचारले, “भाव तो बोलो, पण आपल्याला पडतं किती?”

पहिला घोळ टनाचा होता. एक किलो मिथेनॉलमध्ये १९.९ मेगाज्युल ऊर्जा असते, जहाजाच्या कमी गंधकाच्या इंधन तेलात साधारण ४०.५. म्हणजे एक टन तेलाची जागा घ्यायला दोन टनांहून थोडे जास्त मिथेनॉल लागते, आणि घनता कमी असल्याने टाकी जवळजवळ अडीचपट मोठी लागते. दहा हजार टन मिथेनॉल म्हणजे जहाजवाल्याच्या दृष्टीने ४,९०० टन तेल. दिवसाला वीस-पंचवीस टन तेल खाणारे एखादे छोटे फीडर जहाज त्यावर सात-आठ महिने चालेल, इतकेच. आपल्या बाजूने २५० कोटींचा प्रकल्प आणि त्यांच्या बाजूने एका लहान जहाजाचे अर्धे-पाऊण वर्ष. टनातले भाव दोन्हीकडे सारखे दिसतात म्हणून हे अंतर लपते.

पर्याय

टेबलावर चार गोष्टी होत्या. शहराच्या उत्तरेकडच्या मोठ्या कारखान्यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड घेऊन, विजेपासून हायड्रोजन बनवून, दोन्ही जोडायचे. किंवा हाच हायड्रोजन दक्षिण गुजरातेतल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतल्या कार्बन डायऑक्साइडला जोडायचा. किंवा स्वतः प्लांट न घालता, सीबीजी म्हणजे दाबलेला बायोगॅस विकत घेऊन एखाद्या चालू मिथेनॉल प्लांटकडून कागदी हिशेबाने रूपांतर करून घ्यायचे. चौथी गोष्ट म्हणजे नाही म्हणायचे. कपाशीच्या काड्यांच्या गॅसिफिकेशनचाही विषय निघाला, पण एवढ्या छोट्या आकारात डांबर साफ करण्याचा खर्च पाहता तो फार वेळ टिकला नाही.

आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेच्या २०२१ च्या अहवालातले पट्टे सुरुवातीला समोर ठेवले होते: जैवभारापासूनचे मिथेनॉल टनाला ३२० ते ७७० डॉलर, वीज आणि जैविक स्रोतातला कार्बन वापरून बनवलेले ८०० ते १,६०० डॉलर, हवेतून कार्बन ओढून बनवलेले १,२०० ते २,४००. म्हणजे ६०० डॉलरचा भाव पहिल्या पट्ट्यात बसत होता, तर आमच्या डोक्यातला प्लांट दुसऱ्या पट्ट्यात होता. हे पहिल्याच आठवड्यात दिसत होते. तरीही पुढचे चार महिने काम चालले, कारण पुतण्याचे म्हणणे होते की अहवाल परदेशातला आहे आणि आपल्याकडे ऊन स्वस्त आहे.

निर्णय पहिला: कार्बन कोणाचा

एक टन मिथेनॉलला रसायनशास्त्राच्या हिशेबाने १.३७ टन कार्बन डायऑक्साइड आणि १८८ किलो हायड्रोजन लागतो. प्रत्यक्षात गळती धरून १.४ टन आणि १९० किलो धरले. (पुढे नुसते कार्बन म्हटले की कार्बन डायऑक्साइडच समजावा.) बडोद्याभोवती कार्बनची कमतरता नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे. खतांचे आणि पेट्रोरसायनांचे कारखाने आहेत. अमोनिया बनवताना जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड वेगळा निघतोच. अण्णांचा कल साहजिकच तिकडे होता. पाइप टाकायचा, टनाला दीड हजार द्यायचे, प्लांट सावली गावाजवळच्या आपल्या मोकळ्या प्लॉटवर उभा करायचा. या पर्यायाचा प्राथमिक आराखडाही बनवून घेतला गेला.

तो रद्द झाला युरोपच्या कागदामुळे. विजेपासून बनवलेल्या इंधनासाठीच्या २०२३ च्या नियमांत जीवाश्म स्रोतातला औद्योगिक कार्बन तेव्हाच चालतो, जेव्हा त्यावर आधीच परिणामकारक कार्बन-किंमत मोजलेली असते. तीही सवलत वीजकेंद्रांच्या कार्बनसाठी २०३५ अखेरपर्यंत आणि बाकीच्यांसाठी २०४० अखेरपर्यंत आहे. आपल्याकडे तशी मान्य झालेली किंमत नाही. आंबवणातून निघणारा जैविक कार्बन मात्र चालतो. म्हणजे टनामागे थोडे पैसे वाचवायला जाऊन माल विकण्याचा मुख्य आधारच जात होता.

डिस्टिलरीचे गणित सोपे आहे. इथेनॉलच्या प्रत्येक टनामागे जवळजवळ तेवढाच, ०.९६ टन, कार्बन डायऑक्साइड निघतो. दिवसाला एक लाख लिटरची डिस्टिलरी म्हणजे साधारण ७५ टन. त्यातला काही भाग सोडा आणि कोरडा बर्फ बनवणाऱ्यांकडे आधीच जात होता, पण उरलेला पुरेसा होता.

मग प्लांट कुठे? १.४ टन कार्बन दीडशे किलोमीटर बडोद्याला आणायचा आणि त्यातून एक टन मिथेनॉल घेऊन कांडल्याला जायचे, हे उलटे होते. प्लांट डिस्टिलरीशेजारीच हवा. अण्णांना आपला रिकामा प्लॉट सोडवत नव्हता. “जागा आपली, लाइट आपली, माणसं आपली,” हे त्यांनी बऱ्याचदा सांगितले. पुतण्याने शेवटी टँकरचे भाडे आणि द्रवीकरणाचा खर्च एका कागदावर मांडून दाखवला, तेव्हा ते कबूल झाले.

साखर कारखान्याच्या संचालक मंडळाने मात्र वेगळाच प्रश्न विचारला, आणि माझ्या मते तो सगळ्यांत शहाणा होता. दारूबंदी असलेल्या राज्यात, इथेनॉलच्या आवारात मिथेनॉल? एखादा नळ चुकला, एखादा टँकर चुकीच्या फाटकातून गेला, तर जबाबदार कोण? त्यांनी अट घातली: वेगळा भूखंड, वेगळे फाटक, वेगळा वजनकाटा, आणि दोन आवारांमध्ये कार्बनची एकच एकमार्गी पाइपलाइन. बोटादनंतर ही अट कोणी अवाजवी म्हणू शकत नव्हते. खर्चात ती मिथेनॉल विभागाच्या भांडवलात धरली.

निर्णय दुसरा: वीज किती तासांची

१९० किलो हायड्रोजनला, किलोमागे ५३ युनिट धरून, जवळजवळ दहा हजार युनिट वीज लागते. कॉम्प्रेसर, पंप, ऊर्ध्वपातन मिळून टनाला अकरा हजार. त्यामुळे सगळ्यांचे लक्ष युनिटच्या दरावर गेले. उन्हाची वीज ओपन अ‍ॅक्सेसने, म्हणजे ग्रीडमार्फत थेट उत्पादकाकडून, तीन रुपयांत दारात मिळेल असे धरले, तर टनामागे ३३,००० रुपये. पुतण्या खूश.

पण ऊन वर्षातल्या एकूण तासांच्या फार तर पाव हिश्श्याइतकेच पूर्ण क्षमतेने मिळते. तेवढ्या वेळात वर्षाचा हायड्रोजन काढायचा तर ४६ मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारे यंत्र, लागतो. मेगावॉटला सात कोटी धरले तर ३२२ कोटी. दहा टक्के व्याज आणि पंधरा वर्षे धरली की वर्षाला भांडवलाच्या १३ टक्के वसूल व्हायला हवेत, म्हणजे टनामागे ४१,९०० रुपये फक्त यंत्राचे. चार मुहूर्तांसाठी मंगल कार्यालयाचे वर्षभराचे भाडे भरावे, तसा हा प्रकार. वारा आणि ऊन मिळून येणारी वीज सव्वाचार रुपयांना धरली तर विजेचा खर्च ४६,७५० होतो, पण यंत्र साठ टक्के वेळ चालते, १९ मेगावॉट पुरतात आणि यंत्राचा बोजा १७,३०० वर येतो. बेरीज ६४,००० विरुद्ध ७५,०००. महागडी वीज स्वस्त पडली. ग्रीडची चोवीस तासांची औद्योगिक वीज सात रुपयांनी घेतली तर जवळजवळ ८९,०००, आणि शिवाय तिला हिरवे म्हणता येत नाही.

इथपर्यंत वर्कशीट वार्षिक सरासऱ्यांवर चालली होती. जुलैमध्ये पुतण्या डिस्टिलरी बघायला गेला आणि ती बंद होती. पावसाळ्यातली वार्षिक दुरुस्ती. ऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल गाळला जातो, साठवलेल्या मळीवर डिस्टिलरी आणखी काही महिने चालते, आणि मग थांबते. गुजरातेतला वारा मात्र मे ते सप्टेंबर सर्वांत जोरात वाहतो. म्हणजे कच्छ-सौराष्ट्रातल्या पवनचक्क्या जेव्हा भरभरून वीज देतात, नेमका तेव्हाच कार्बन नसतो. द्रवरूप कार्बन डायऑक्साइड काही दिवस साठवता येतो, तीन महिने नाही.

माझ्या मते या प्रकरणातला खरा वळणबिंदू हा होता. दोन्ही सरासऱ्या बरोबर होत्या. चूक त्यांचा गुणाकार करण्यात होती. डिस्टिलरीचे २७० दिवस आणि त्या दिवसांतला वारा-ऊन एकत्र बसवले तर इलेक्ट्रोलायझर पन्नास टक्क्यांवर आला. २३ मेगावॉट, १६१ कोटी, टनामागे २०,९०० रुपये. मिथेनॉल विभागही दिवसाला ३० ऐवजी ३७ टनांचा करावा लागला. आणि युरोपच्या नियमांनुसार २०३० पासून वीज आणि हायड्रोजन यांचा मेळ महिन्याऐवजी तासातासाला दाखवावा लागणार आहे. प्लांट उभा राहीपर्यंत २०२८ उजाडले असते. कराराच्या मुदतीचा निदान शेवटचा भाग त्या कडक नियमाखालीच गेला असता.

कांडल्यापर्यंतचा खर्च

कारखान्याच्या फाटकावरचे आकडे असे बसले: वीज ४६,७५०, इलेक्ट्रोलायझर २०,९००, मिथेनॉल विभाग, ८८ कोटींवर, ११,५००, चालवणे-दुरुस्ती ७,५००, कार्बन ३,५००. मिळून ९०,१५० रुपये.

पुढचा प्रवास कोणीच नीट मोजला नव्हता. कांडला तिथून पाचशे किलोमीटरच्या आसपास. टँकर भरून जातो, रिकामा येतो. टनाला दोन हजार. जहाज रोज चमच्याने घेत नाही, एका वेळी दीड हजार टन मागते. आपण दिवसाला ३७ टन बनवणार, म्हणजे चाळीस दिवसांचा माल साठवून ठेवायचा. त्याची टाकी, आणि टाकीत पडून राहिलेल्या मालावरचे व्याज, मिळून सोळाशे. चोवीस टनांच्या टँकरांनी थेट जहाजात भरायचे ठरवले तर एका खेपेला त्रेसष्ट टँकर जेट्टीवर उभे करावे लागतील, आणि कांडल्याच्या द्रवमालाच्या जेट्ट्यांवर खाद्यतेल-रसायनांची जहाजे आधीच रांगेत असतात. टर्मिनलची टाकी, पाइपलाइन, होज, सुरक्षेची माणसे धरून चार हजार लावले. हा आकडा वर्कशीटमधला सर्वांत कच्चा होता. प्रमाणपत्र, लेखापरीक्षण, उडून जाणारा माल यांचे नऊशे.

पोचता भाव ९८,६५० रुपये, नफा न धरता. सुमारे १,१०० डॉलर. तेलाच्या टनाइतक्या ऊर्जेला बदलले तर दोन लाख रुपये. समोर इंधन तेल, टनाला ५०० डॉलर धरले तर, ४४,०००.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनच्या अनुदानाचाही विचार झाला. किलोमागे पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५० रुपये, मग ४०, मग ३०. पूर्ण मिळाले तर पहिल्या वर्षी टन मिथेनॉलमागे ९,५००, तिसऱ्या वर्षी ५,७००. पण ते निविदांतून वाटले जाते, तिथे मोठ्या क्षमतेचे खेळाडू बोली लावतात, आणि तीन वर्षांनी ते संपते. महेताजींनी ती ओळ वर्कशीटमधून काढायला लावली. बरोबर केले.

निर्णय तिसरा: दंडावर भिस्त ठेवायची का

ऑगस्टमध्ये पुतण्या एक नवा कागद घेऊन आला आणि अण्णांच्या समोर ठेवला. “अण्णा, हे बसतंय.”

फ्युएल-ईयूचा दंड असा: नेमलेल्या उत्सर्जन-मर्यादेपेक्षा जितकी तूट, तितक्या ऊर्जेला तेलाच्या टनामागे २,४०० युरो. उलगडून पाहिले तर कार्बनच्या टनाला सुमारे ६४० युरो. २०२५ ची मर्यादा मेगाज्युलला ८९.३ ग्रॅम. आपले मिथेनॉल १५ ग्रॅमचे धरले तर एक टन मिथेनॉल जवळजवळ दीड टन कार्बनची तूट भरून काढते. साडेनऊशे युरो, शंभर रुपये युरो धरून ९५,०००. वाचलेल्या तेलाचे एकवीस-बावीस हजार वेगळे. शिवाय २०३३ अखेरपर्यंत अशा इंधनाची ऊर्जा दुप्पट मोजायची मुभा. म्हणजे लाखाचे मिथेनॉल जहाजवाल्याला फुकटात पडायला हवे!

गणितात चूक नव्हती. पण दंडाइतका भाव कोण देईल? ज्याला पळवाट नाही तो. इथे पळवाटा भरपूर आहेत. जहाजमालक वापरलेल्या तेलाचे बायोडिझेल घेऊ शकतो, एलएनजीच्या जहाजात बायोमिथेन घेऊ शकतो, किंवा ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याच्याशी जहाजांचा गट करून ती विकत घेऊ शकतो. सर्वांत स्वस्त पळवाट जितक्यात पडते, तितकाच भाव आपल्याला मिळणार. शिवाय भारतातून युरोपला जाणाऱ्या सफरीची अर्धीच ऊर्जा त्या हिशेबात धरतात. आणि २०२५ मध्ये मर्यादा अवघी दोन टक्क्यांनी खाली आहे. २०३० ला सहा, २०३५ ला साडेचौदा. टंचाई येईल, पण आपल्या तीन वर्षांत येईल का, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

अण्णांनी कागद पाहिला आणि एवढेच म्हणाले, “मग त्याला सांग ना, पंधरा वर्षांचं लिहून दे.”

ही ओळ वर्कशीटमध्ये टाकली. २४९ कोटींचे भांडवल पंधरा वर्षांत वसूल करायचे तर ९८,६५०. पाच वर्षांत करायचे तर १,३२,०००. तीन वर्षांत, म्हणजे व्यापाऱ्याने मागितलेल्या मुदतीत, १,६६,०००. ऊन की वारा हा वाद अकरा हजारांचा होता. करार किती वर्षांचा हा प्रश्न सदुसष्ट हजारांचा निघाला.

बाहेरचे दाखलेही तेच सांगत होते. स्वीडनमधला वर्षाला पन्नास हजार टनांचा ‘फ्लॅगशिप-वन’ प्रकल्प ऑर्स्टेडने ऑगस्ट २०२४ मध्ये बांधकाम सुरू असताना सोडून दिला, कारण परवडणाऱ्या भावाला दीर्घ मुदतीचे खरेदीदार मिळाले नाहीत. डेन्मार्कमधला कासो येथील ४२,००० टनांचा प्लांट मे २०२५ मध्ये सुरू झाला, कारण मेर्स्कसोबत लेगो आणि नोव्हो नॉर्डिस्क हेही खरेदीदार होते. खेळणी आणि औषधाची उपकरणे बनवणाऱ्याच्या मालात मिथेनॉलचा खर्च थोडा असतो, तो जास्त भाव पचवू शकतो. जहाजवाल्याच्या खर्चात इंधनच मोठे.

काय केले

गणपती उठल्यानंतर कोटेशन गेले. एकच भाव देण्याऐवजी मुदतीप्रमाणे तीन भाव दिले, वीजदराशी जोडलेले सूत्र दिले, आणि माल घेतला नाही तरी पैसे द्यावे लागतील अशी अट घातली. सोबत चौथा, वेगळा भाव होता: सीबीजीच्या वाटेचा. एक टन मिथेनॉलला सुमारे ०.६८ टन मिथेन, टनाला ५८,००० धरून ३९,५००, रूपांतराचे दहा हजार, पोचवण्याचे आठ-साडेआठ. साधारण ५८,०००. वर्षाला दहा हजार टनांसाठी दिवसाला जवळजवळ वीस टन सीबीजी लागेल, म्हणजे दोन-तीन मोठ्या बायोगॅस प्लांटचे सगळे उत्पादन. ते मिळणे शक्य नव्हते. म्हणून फक्त १,५०० टनांची एक खेप देऊ केली. त्यात नवे यंत्र नाही, दुसऱ्याचा चालू प्लांट.

निष्पत्ती

१७ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, लंडनमध्ये सागरी संघटनेने जागतिक कार्बन-आकारणीचा निर्णय मतदान करून एक वर्ष पुढे ढकलला. लाभपंचमीनंतर ऑफिस उघडले तेव्हा व्यापाऱ्याचे उत्तर आले होते: ग्राहक तीन वर्षांपुढे बांधून घ्यायला तयार नाही, आणि ७०० डॉलरच्या वर जाणार नाही. ‘माल घ्या किंवा पैसे द्या’ ही अटही नको.

अण्णांनी प्लांट घालायचा नाही असे ठरवले. डिस्टिलरीबरोबरचे पत्र तेवढे जिवंत ठेवले. कार्बन दुसऱ्या कोणाला द्यायचा झाल्यास आधी यांना विचारायचे, मुदत मार्च २०२६ पर्यंत, त्यासाठी छोटी रक्कम भरली. सीबीजीच्या खेपेबद्दल व्यापाऱ्याने रस दाखवला, पण प्रत्येक बायोगॅस प्लांटच्या शेण-प्रेसमडच्या (साखर कारखान्यातल्या गाळाच्या) नोंदी मागितल्या. पुरवठादारांपैकी एकाकडेच त्या लागतील तशा होत्या. मकरपुऱ्याच्या वर्कशॉपला मात्र याच ओळखींतून, दुसऱ्या राज्यातल्या एका पथदर्शी मिथेनॉल प्लांटसाठी ऊर्ध्वपातनाचा कॉलम आणि रिअ‍ॅक्टरचे कवच बनवण्याची ऑर्डर मिळाली.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या फोनवर तीन प्रश्न विचारायला हवे होते: कांडलाच का, एका वेळी किती टन, आणि तीनपेक्षा जास्त वर्षे बांधून घ्याल का. यातला तिसरा ऑगस्टच्या शेवटी विचारला गेला. तो मे महिन्यात विचारला असता तर इलेक्ट्रोलायझरवरची बहुतेक चर्चा झालीच नसती. कार्बनच्या स्रोताचा नियमही आराखड्याचे पैसे देण्याआधी वाचता आला असता.

वर्कशीट पहिल्यापासून महिन्यांनुसार, जमल्यास तासांनुसार करायला हवी होती. डिस्टिलरीला मार्चमध्ये भेट दिली असती तर ती जोरात चालताना दिसली असती आणि पावसाळ्याचा घोळ करारानंतर कळला असता. पुतण्या जुलैत गेला हे नशीब. दोन डिस्टिलऱ्या, वेगवेगळ्या वेळी दुरुस्तीला जाणाऱ्या, घेता आल्या असत्या का, किंवा पावसाळ्यापुरता बायोगॅसमधून वेगळा केलेला कार्बन आणता आला असता का, हे तपासलेच नाही. तपासले असते तर इलेक्ट्रोलायझर पुन्हा साठ टक्क्यांकडे गेला असता आणि टनामागे तीन-साडेतीन हजार वाचले असते. निर्णय त्याने बदलला नसता.

बंदराबद्दल मात्र माझे मत अण्णांपेक्षा वेगळे होते आणि आहे. व्यापाऱ्याने कांडला म्हटले म्हणून सगळ्यांनी कांडलाच धरले. दक्षिण गुजरातेतून हजिरा आणि दहेज कितीतरी जवळ आहेत. माल तिथे सोपवून पुढची समुद्रातली वाहतूक आणि बंकरिंग, म्हणजे जहाजात इंधन भरणे, खरेदीदारावर टाकता आली असती. आठ-साडेआठ हजारांतले निम्मे-अधिक आणि चाळीस दिवसांच्या साठ्याची काळजी आपल्या अंगावरून गेली असती. अण्णांचे म्हणणे असे की तसे केल्यास खरेदीदार तो खर्च भावातून कापणारच. कापेल, पण जेट्टीवर जहाज उशिरा आले तर डिमरेज, म्हणजे खोळंब्याचा दंड, कोणाच्या माथी, हे तरी ठरले असते. सीबीजीच्या खेपेचा जो मसुदा सध्या चालू आहे, त्यात पुतण्याने सोपवण्याची जागा हजिरा लिहिली आहे. महेताजींनी अजून सही केलेली नाही; त्यांना एकाऐवजी दोन पुरवठादारांचे कागद पुरे हवे आहेत.